प्लेअर कोणी बिघडवला

शहादा
५ मार्च २०२५

चि. दलसिंग वसावे यास,
अनेक आशीर्वाद.

तू मला ओळखशील की नाही, असे मी विचारणार नाही. १९८८ साली दहावी 'अ'ला विज्ञान शिकवणारी चारुलता पाटील बाई एकच होती, आणि शाळेचा ट्रान्झिस्टर उघडून परत जोडता आला नाही म्हणून तीन दिवस गायब झालेला मुलगाही एकच होता. खापरला तुझे मोटर रिवाइंडिंगचे आणि लाउडस्पीकरचे दुकान आहे, जुने रेडिओही तू दुरुस्त करतोस, असे कळले. म्हणजे तो ट्रान्झिस्टर वाया गेला नाही.

हे पत्र ज्या खोक्यात आहे त्यात एक रेकॉर्ड प्लेअर आहे. ग्रामोफोन नव्हे. ग्रामोफोनला कर्णा असतो. हा विजेवर चालतो, आणि तबकडी संपली की दांडी आपणहून उचलून जागेवर जाते. जायची. १९७९ साली आमच्या यजमानांनी, हेमकांतरावांनी, तो सुरतेहून आणला. २०१४च्या मे महिन्यात बंद पडला. दांडी उचलली गेली आणि हवेतच थांबली. थाळीही थांबली. तेव्हापासून मी कोणाला तो उघडू दिलेला नाही. पुरावा जसाच्या तसा राहिला पाहिजे.

पुरावा कशाचा, तेही सांगते. म्हसावदला माझी धाकटी जाऊ जमनाबाई राहते. तिच्या मुलीच्या, रंजिताच्या, हळदीत वाजवायला म्हणून तिने प्लेअर नेला. गेला तेव्हा चालू होता, आला तेव्हा बंद. ती म्हणाली, "मी हात लावला नाही." मी म्हटले, "मग काय आपोआप मोडला?" त्यानंतर आम्ही दोघी बोललेलो नाही. अकरा वर्षे होतील. दोघे भाऊ बोलतात, केळीचे भाव एकमेकांना सांगतात. त्यांचे ते बघतील.

आता रंजिताचा फोन आला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येणार आहे आणि "मोठी आई, यंदा तुम्ही आल्याच पाहिजेत" म्हणते. मी सांगितले, तुझ्या आईने चूक कबूल केली की मी पुढच्या एसटीने येते. नाही केली तर हा विषय माझ्या हयातीत पुन्हा काढू नये.

तेव्हा प्लेअर उघड. काय अडकले आहे आणि कशामुळे, ते कागदावर लिही, खाली सही कर. दुरुस्त झाला तर उत्तम, पण आधी कागद. फोन करू नये. फोनवर बोललेले उद्या कोणीही नाकारते.

चारुलता हेमकांत पाटील


खापर
२० मार्च २०२५

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. होळीच्या दिवसांत आमच्याकडे कोणी कामाचे नाव काढत नाही. मीही ढोल घेऊन डोंगरात होतो. हात सुजले आहेत, त्यामुळे अक्षर असे आले आहे. आधीही असेच होते, हे तुम्हाला आठवत असेलच.

खोके उघडले तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइके बसली होती. पाकिटावरचे तुमचे अक्षर पाहिले आणि मी उभाच राहिलो. बायको रूपलीबाई म्हणाली, "पोलिसांचं आहे का?" मी म्हटले, "त्याच्या वरचं."

बाई, मशीन सोन्यासारखे आहे. मधल्या खिळ्याची कडी काढून थाळी उचलली. तिच्या खाली एक मोठे दातेरी चाक असते. तबकडी संपली की ते चाक एक फेरी घेते आणि त्या फेरीत दांडी उचलते, मागे नेते, जागेवर ठेवते. ते चाक अर्ध्या फेरीत अडकलेले आहे. वंगण वाळून डिंक झाला आहे. इतक्या वर्षांचे वंगण, दुसरे काय होणार? मी रॉकेलने धुऊन काढतो, नवे वंगण देतो.

यात कोणाचाच दोष नाही. काळाचा दोष आहे. तसे लिहून सही केलेला कागद सोबत जोडला आहे.

तुमचा विद्यार्थी,
दलसिंग


शहादा
२४ मार्च २०२५

चि. दलसिंग,

काळाचा दोष हा शेरा ज्योतिषी देतात, मेकॅनिक नाही. कागद परत पाठवत आहे.

तू शाळेतसुद्धा प्रयोगवहीत उत्तर आधी लिहायचास आणि निरीक्षणे मागाहून जुळवायचास. वंगण वाळले तर चाक हळू होईल, कुरकुरेल. अर्ध्या फेरीत एकाएकी का थांबेल? मध्ये काहीतरी आलेले असणार. ते काय?

तुला मदत व्हावी म्हणून त्या दिवसाचे वर्णन देते. हळदीला अंगणात चाळीस बायका, प्रत्येकीचे हात कोपरापर्यंत पिवळे. प्लेअर उघड्यावर, पाटावर. त्याच्या शेजारी शेवयांची परात! दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवातही तो तिथेच होता. आणि अक्षता कसल्या, तर हळदीत पिवळी केलेली ज्वारी. मी म्हटले, "जमना, अगं निदान तांदूळ तरी आणायचेस." तर सगळ्यांसमोर मला म्हणते, "ताई, आपला गावमा ज्वारीच ऱ्हास. तांदूळमा आशीर्वाद काय जास्त मावस का?" बायका खो खो हसल्या. त्यानंतर तासाभरात प्लेअर थांबला.

आता नीट बघ आणि जे दिसेल ते लिही. जे शोभेल ते नको.

चारुलता पाटील


खापर
३० मार्च २०२५

आदरणीय बाई,
नमस्कार.

तुमचे म्हणणे बरोबर निघाले. चाकाच्या दोन दातांमध्ये एक दाणा अडकलेला होता. तो चिमट्याने काढला आणि चाक सुटले. वंगणातही आणखी थोडे दाणे आहेत. धान्याचे.

त्याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही. उंदीर असेल. उंदरांना अशा जागा आवडतात. माझ्या दुकानात एकाने सबमर्सिबलच्या स्टार्टरमध्ये संसार मांडला होता.

चाकाला नवे वंगण दिले आहे. थाळी फिरवणारे रबरी चाक कडक झाले होते, त्याला बारीक पॉलिशपेपर मारला, आता पकड घेते. काल जुनी तबकडी लावली. दांडी उचलली, मागे गेली, जागेवर बसली. शेजारचा पानवाला उठून बघायला आला.

कागदावर "उंदीर" असे लिहून सही करू का? चालेल ना?

दलसिंग


शहादा
३ एप्रिल २०२५

चि. दलसिंग,

उंदीर? माझ्या घरात? ज्या घरात साखरेचा डबासुद्धा दोन झाकणांचा आहे, तिथे?

अरे, दाणे म्हणजे अक्षता! लग्नात उधळलेल्या. भर मांडवात प्लेअर उघडा ठेवला, शेदीडशे माणसांनी मुठी मारल्या, आणि दाणे थाळीखाली गेले. मी अकरा वर्षे हेच सांगत होते. फक्त काय गेले ते माहीत नव्हते.

मी लगेच रंजिताला फोन लावला. (मी केलेला फोन वेगळा.) सांगितले, पुरावा मिळाला आहे, आखाजीच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. ती म्हणाली, "मोठी आई, आई रडेल." मी म्हटले, रडण्याचा इथे प्रश्नच नाही. ती म्हणाली, "मग मीच माहेरी येत नाही." पोरीची जात भावनाप्रधान. येईल.

यजमानांनाही तुझे पत्र वाचून दाखवले. ते एकदम उठले आणि कढीपत्त्याला पाणी घालायला गेले. दुपारी दोन वाजता.

कागद पंधरा तारखेच्या आत हवा. त्यात "लग्नातील अक्षता" हे शब्द स्पष्ट असावेत.

चारुलता पाटील


खापर
८ एप्रिल २०२५

आदरणीय बाई,
नमस्कार.

हे पत्र मी तीनदा लिहिले आणि दोनदा फाडले.

सोबत छोट्या पिशवीत सगळे दाणे पाठवत आहे. ते तांदूळ आहेत. ज्वारीचा एकही दाणा नाही, मी दिव्याखाली बघितले. सगळे कुंकवाने लाल झालेले आहेत. अगदी तळाचे वंगणात काळे पडलेत, ते फार जुने. त्यांच्यावर दुसरे, जरा कमी काळे. आणि वरवर पडलेले तर अजून ताजे लाल आहेत, गेल्या वर्षीचे असावेत. म्हणजे हे एका दिवशी पडलेले नाहीत. वर्षानुवर्षे थोडे थोडे पडत आले आहेत. चाकात अडकलेला दाणा काळ्यांपैकी आहे. त्यांच्यात झेंडूची एक वाळकी पाकळी पण होती, तीही ठेवली आहे.

खंडेनवमीला आम्ही सुद्धा रिवाइंडिंगच्या मशीनला हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. म्हणून ओळखू आले. दाणे मात्र टाकत नाही, कॉइलमध्ये जातात.

उंदराचे मी खोटे लिहिले. रूपलीबाई तेव्हाच म्हणाली होती, "तुमच्या बाई स्वतः लिहितात, लग्नात ज्वारी होती. मग हे तांदूळ कोणाच्या घरचे?"

मी म्हटले, "तू गप्प बस."

"मी बसते गप्प. तांदूळ बसतील का?"

बाई, "लग्नातील अक्षता" असे मला लिहिता येणार नाही. जे दिसले ते कागदावर लिहिले आहे. सही केली आहे. रागावायचे असेल तर रागवा, सवय आहे.

तुमचा,
दलसिंग


शहादा
१६ एप्रिल २०२५

चि. दलसिंग,

पिशवी मिळाली. दाणे बशीत ओतून भिंगातून पाहिले. तांदूळच आहेत. अख्खे, एकही कणी नाही. अक्षतांसाठी तांदूळ निवडून घेणारी या घरात मी एकटी आहे.

आमच्या शाळेत खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या तराजूची आणि गॅल्व्हानोमीटरची पूजा होत असे. तिची जबाबदारी माझ्याकडे होती. उपकरणाचा मान ठेवावा, एवढाच माझा हेतू. तीच शिस्त मी घरी लावली. शिलाई मशीन, मिक्सर, प्लेअर. प्लेअरचे झाकण उघडायचे, थाळीला कुंकू, वर एक फूल, चिमूटभर अक्षता. बंद पडल्यावरसुद्धा चुकवली नाही. बंद पडला म्हणून मान कमी होत नाही. संध्याकाळी वरचे सगळे फडक्याने स्वच्छ पुसत असे. वरचे.

दरवर्षी पूजेचे ताट धरून हेमकांतराव माझ्या शेजारी उभे असत. त्यांना मी विचारले, "दाणे खाली जातात, हे तुम्हाला माहीत होते?"

"दिसायचे."

"मग सांगितले का नाही?"

"तू पूजा करत असायचीस. मध्ये बोललं की चिडतेस."

"आणि अकरा वर्षे मी जमनाशी बोलत नव्हते, तेव्हा?"

"तेव्हा तर चिडलेलीच होतीस."

या माणसाबरोबर मी सत्तेचाळीस वर्षे संसार केला.

तुला उंदराबद्दल क्षमा नाही. बाकीच्याबद्दल शाबासकी. रूपलीबाईंना माझा नमस्कार सांग. विज्ञान त्यांनी घेतले असते तर माझे कष्ट कमी झाले असते.

आखाजीला चौदा दिवस आहेत. रंजिताला मी काय सांगून बसले आहे, ते तुला माहीत आहे. प्लेअर अजून पाठवू नकोस. कुठे पाठवायचा ते मला ठरवता येत नाही.

चारुलता पाटील


शहादा
१७ एप्रिल २०२५

सौ. जमनाबाईस,
सप्रेम नमस्कार.

प्लेअर तुझ्या घरी बंद पडला, पण तुझ्यामुळे नाही. माझ्या पूजेचे तांदूळ वर्षानुवर्षे त्याच्या चाकात जात होते. खापरच्या दलसिंग वसावेचा सहीचा कागद सोबत आहे.

मांडवात, तुझ्या व्याह्यांसमोर, मी तुला खोटारडी म्हटले. दलसिंगला सगळी हकिगत लिहिली तेव्हा हा शब्द मी गाळला. तुला लिहिताना गाळता येत नाही. तो शब्द मी परत घेते. व्याह्यांनाही तसे पत्र टाकीन, त्यांचा पत्ता कळव.

आखाजीला सगळ्यांसमोर कागद वाचीन, असे मी रंजिताला सांगितले होते. तुझी इच्छा असेल तर अजूनही वाचीन. आता त्यात माझे नाव आहे. येऊ नकोस म्हणालीस तर येणार नाही, पण रंजिताला माझ्यामुळे माहेर चुकू देऊ नकोस.

तुझी,
चारुलता


म्हसावद
२३ एप्रिल

ताई,
नमस्कार.

रंजिता फोनवर म्हने, मी लिखी देस. मी सांगं, नको, मन्ही जाऊले मीच लिखसू. सातवीलोंग शिकेल शे, तुमी दखी ल्या.

कागद रंजिताना पप्पानी वाचा. ते म्हनतस, तिजोरीमा ठेव. मी म्हनस, चुल्हामा टाका. व्याहीले पत्र-बित्र काही नको, त्यासले यादबी नई.

ताई, मशीननं मन्हा मनमा काहीच नई व्हतं. तुमी मांडवमातून न जेवता गयात, ते व्हतं. तवयपासून मन्हा घर काही बी कार्य व्हवो, लगीन, बारसं, मी तुमना नावनं एक ताट वाढी ठेवस. म्हनस, कोन जाने, येतीन. मंग ते ताट आमना सालदार गडी दोधू खास. अकरा वरीसमा जाड व्हई गया तो. आखाजीले तुमी या म्हंजे त्यानं पोट कमी व्हई.

आनि एक. त्या दिन मशीन थांबनं तवय मी त्याले एक धपका दिना व्हता. जोरमा. मंग भ्यायनू, आनि हात लावा नई म्हनी सांगं. म्हंजे खोटारडी ते मी व्हतीच. आते तुमी ठरावा, कागदमा लिखानं का नई. मास्तरीन तुमी शेतस.

सकायनी एसटीले बसा. ऊन व्हई जास.

जमना


शहादा
२५ एप्रिल २०२५

चि. दलसिंग,

प्लेअर शहाद्याला पाठवू नये. थेट म्हसावदला पाठव. २९ तारखेच्या आत पोचला पाहिजे. खोक्यावर नाव जमनाबाई दोडू पाटील असे घाल. माझे नको.

घाईत आहे. अकरा वर्षांनी जाताना काय न्यायचे असते, ते या घरात कोणालाच माहीत नाही. हेमकांतराव म्हणतात, काही नको, तू चल. त्यांच्या मताला सध्या मी किंमत देत नाही.

चारुलता पाटील


शहादा
४ मे २०२५

चि. दलसिंग,
आशीर्वाद.

प्लेअर वेळेवर आणि धक्का न लागता पोचला होता. खोक्यात तू भुसा भरला होतास, तो जमनाने झटकून म्हशीच्या गोठ्यात टाकला.

आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. फाट्यावर मी उतरले तर ती उभी. किती वेळ उभी होती ते तिने सांगितले नाही, पण पदर घामाने भिजलेला होता. मी बोलण्यासाठी दोन वाक्ये पाठ करून गेले होते. ती पहिल्यालाच म्हणाली, "ताई, आधी घर चला, रस पातळ व्हई जाई."

मातीच्या खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस, सांजोऱ्या. पंगतीत माझे ताट वाढले गेले तेव्हा तो दोधू दारात उभा राहून माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याची नोकरी घेतली. त्यालाही शेजारी वाढायला लावले. रंजिता आली होती, हे वेगळे सांगायला नको. लिंबाला झोका बांधला होता. तिने मला त्यावर बसवले. एकाहत्तराव्या वर्षी हे करू नये, असे माझे मत आहे. पण तीन झोके घेतले.

जेवणानंतर प्लेअर लावला. तबकडी संपली. मग दांडी उचलली, आणि ती मागे जाऊन जागेवर बसली. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. हेमकांतरावांनी सर्वांत जोरात. जमना रडली. मी म्हटले होते ना, रडण्याचा प्रश्न नाही; तो होता, आणि मलाही होता. एवढे पुरे.

परत निघताना मी खोके बांधायला घेतले, तर जमनाने माझ्या हातातून सुतळी काढून घेतली. म्हणते, "मशीन आठेच ऱ्हाई. ऐकानं शे ते तुमी या." भाऊजीही तिच्या बाजूने. हेमकांतराव अंगणात बघत राहिले. मी वाद घातला नाही. मंगळवारची आणि शनिवारची सकाळची गाडी मला सोयीची पडते. दोन्ही दिवस जाऊन आले आहे का, असे तू विचारशील. एकच झाला. शनिवार काल होता.

एक शेवटचे. जमनाने त्या दिवशी प्लेअरला जोरात धपका दिला होता, असे ती स्वतः लिहिते. त्याने आत काही झाले होते की नाही, ते तू उघडलास तेव्हाच तुला दिसले असेल. ते मला कळवू नये. लेखी नको आणि तोंडीही नको.

तुझी,
चारुलता पाटील